दादा किचनमध्ये होता

"रिंग वाजत होती मावशी, पण तो उचलणार कसा? किचनमध्ये होता. पंचवीस माणसांचा स्वयंपाक असतो तिथं. हात मोकळा नको का?"

आनंद बाहेरच्या खोलीत सांगत होता. सुशीलाबाई मावशी, म्हणजे आईची चुलतबहीण, आईच्या महिन्याच्या श्राद्धासाठी औशाहून रात्रीच्या गाडीने आल्या होत्या. आई गेली तेव्हा त्या स्वतः आजारी होत्या, म्हणून त्यांना सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं.

"आणि ती शेवटपर्यंत दादालाच विचारत होती," आनंद म्हणाला. "उत्तरेश्वरला लाव, त्याच्याशी बोलू दे, एवढंच."

"लेकराचा जीव तिकडं कामात अडकलेला," मावशी म्हणाल्या. "त्याचा काय दोष?"

उत्तरेश्वर उठला आणि आत स्वयंपाकघरात आला. ओट्यावर काही काम नव्हतं. त्याने पातेलं घेतलं, पाणी ओतलं, गॅस पेटवला.

"अहो, तिसऱ्यांदा चहा टाकताय," कुसुम म्हणाली. "मघाचाच तसाच पडलाय."

"मावशींना होईल."

"मावशी चहा घेत नाहीत. मघाशी तुमच्यासमोरच म्हणाल्या."

त्याने गॅस बंद केला. मग कोथिंबिरीची जुडी ओढली आणि निवडायला लागला. तीही निवडून झालेली होती. कुसुमने ती त्याच्या हातातून काढून घेतली. नवऱ्याचं हे महिनाभर चाललं होतं. घरात बसवत नव्हतं, बाहेर गेला की अर्ध्या तासात परत यायचा. सकाळी मार्केट यार्डात भाजी आणायला गेला की गाळ्यांमधून तीन चकरा मारून रिकाम्या पिशव्या घेऊन परत. आई गेल्यामुळे, असं सगळे म्हणत. कुसुमही तेच म्हणायची.

उत्तरेश्वर एकोणीस वर्षांचा असताना पुण्यात आला. सदाशिव पेठेतल्या विद्यार्थ्यांच्या खाणावळीत भांडी घासली, मग पोळ्या लाटल्या, मग भाज्या त्याच्या हाती आल्या. पुढे लग्नाच्या कार्यालयांतून पाचशे पानांचा स्वयंपाक केला. बारा वर्षांपूर्वी एका टूर कंपनीने त्याला आचारी म्हणून घेतलं. परदेशात गेलेल्या मराठी माणसाला तिसऱ्या दिवशी आमटी-भाताची आठवण येते, आणि चौथ्या दिवशी तो टूर मॅनेजरशी भांडतो. त्यामुळे कंपनी गटाबरोबर आचारी पाठवायची. उत्तरेश्वरच्या पासपोर्टवर चौदा देशांचे शिक्के होते. त्या चौदा देशांतला तो काय सांगू शकत होता, तर कुठल्या शहरात गॅस आहे आणि कुठे विजेच्या शेगड्या, कुठला कोबी लवकर शिजतो, कुठल्या हॉटेलवाल्याला फोडणीचा वास चालत नाही. मंडळी बसमध्ये बसून बघायला जात, आणि तो भांडी घासून दुसऱ्या दिवशीचे कांदे चिरत असे. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आपण बघायला आलेलो नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला तो नॉर्वेला गेला. ट्रॉम्सो नावाचं गाव, पार वर. तिथे त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. दुपारी दोनेक तास आभाळ निळं-गुलाबी होतं, मग पुन्हा अंधार. पंचवीस जणांचा गट होता, बहुतेक पेन्शनीतले. देवमासे बघायचे आणि नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आभाळातले हलते उजेड, बघायचे, म्हणून आलेले. पहिल्या तीन रात्री ढगच होते. लाइट्स दिसले नाहीत, आणि मंडळी चिडचिडी झाली. गटात श्रीधर पटवर्धन नावाचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. ते ताट पुढे करताना म्हणाले, "तुमच्या नावात उत्तर आहे, ईश्वर आहे. आणि आमच्या वाट्याला आलंय काय, तर वांग्याचं भरीत."

"भरीत चांगलं झालंय ना साहेब?"

"त्याबद्दल तक्रार नाही. लाइट्सबद्दल आहे."

चौथ्या दिवशी देवमाशांसाठी बोट ठरली होती. आदल्या संध्याकाळी हेमाताई केळकर हॉटेलच्या दारात बर्फावर घसरल्या आणि त्यांचा घोटा सुजला. पुण्यातल्या नूमवि शाळेजवळ राहणाऱ्या, चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाई. सकाळी पाच वाजता त्या लंगडत किचनच्या दारात आल्या. उत्तरेश्वर संध्याकाळचा रस्सा करून ठेवत होता.

"उत्तरेश्वर, माझी बोटीतली जागा रिकामी आहे. तुम्ही जा."

"मी? नाही हो ताई. सलिलसरांना चालणार नाही."

"सलिलला मी सांगितलंय. पैसे मी भरलेत, जागा माझी आहे. मी ती कोणाला द्यायची हे सलिल ठरवणार नाही."

टूर मॅनेजर सलिल मागून आला. त्याने डोकं खाजवलं. "जेवण?" त्याने एवढंच विचारलं.

"रस्सा झालाय. आल्यावर भात लावायचाय फक्त."

"मग चला. जॅकेट माझं एक्स्ट्रा आहे, ते घाला."

साडेतीन तास बोट चालली. डोंगरांच्या मधून, काळ्या पाण्यातून. निम्मी मंडळी उलट्यांनी बेजार झाली. उत्तरेश्वर त्यांना सुंठेचे तुकडे देत फिरला, कारण रिकामं कसं बसायचं हे त्याला कळत नव्हतं. मग कोणीतरी डावीकडे बोट दाखवलं आणि सगळा गट तिकडे धावला. दूरवर देवमाशांच्या पाठीवरचे काळे पर दिसत होते, पाच-सहा, पुरुषभर उंच. सगळ्यांचे मोबाइल वर गेले. उत्तरेश्वर सवयीने मागे सरकला आणि बोटीच्या उजव्या बाजूला एकटाच उभा राहिला. पाहुण्यांच्या मध्ये यायचं नाही, ही बारा वर्षांची सवय.

आणि तिथे पाण्यातून श्वास आला.

आधी आवाजच आला. खोल, ओला, मोठा. मग वाफेचा लोट वर गेला आणि त्याच्या तोंडावर बारीक तुषार पडले. सडलेल्या मासळीसारखा वास. मग पाठ वर आली. ती येत राहिली, येत राहिली, संपेचना. काळी, चकचकीत, मध्ये मध्ये पांढरे ओरखडे. दहा-बारा हातांवर, एवढा जवळ, की त्याला कातडीवरच्या गाठी दिसल्या. त्याने कठडा धरला. कोणाला हाक मारावी असं त्याला वाटलंच नाही. तो जीव पुन्हा एकदा श्वास सोडून थांबला, आणि उत्तरेश्वरच्या लक्षात आलं की आपणही श्वास धरून थांबलो आहोत. मग पाठीची कमान झाली, शेपूट पाण्याबाहेर आलं, पाणी निथळत सरळ उभं राहिलं, आणि आवाज न करता आत गेलं. पाण्यावर एक गुळगुळीत गोल राहिला. लाटा त्याच्या कडेपर्यंत येत होत्या, आत शिरत नव्हत्या.

"तिकडे काही होतं का हो?" पटवर्धनांनी विचारलं.

"होता एक," उत्तरेश्वर म्हणाला.

चार वाजता बोट परत आली. किचनमध्ये शिरण्याआधी त्याने घरी फोन लावला. आई त्या दिवसांत आनंदकडे होती, खराडीला. ती वर्षातले सहा महिने थोरल्याकडे राहायची, सहा धाकट्याकडे. आनंद एका आयटी पार्कमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर होता, आणि त्याची बायको-मुलं बार्शीला लग्नाला गेली होती. पुण्यात तेव्हा साडेआठ वाजले होते.

"आईला दे ना जरा."

"आत्ताच डोळा लागलाय तिचा," आनंद म्हणाला. "उठवू का?"

"नको. उद्या सांगतो तिला. एक गंमत आहे."

संध्याकाळी आभाळ निवळलं. सलिलने जेवणं लवकर उरकायला लावली, आणि सात वाजता बस निघताना हेमाताई पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "या हो, एवीतेवी एक जागा आहेच." उत्तरेश्वरने भांडी तशीच सोडली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने खरकटी भांडी मागे ठेवली. या वेळी जॅकेट त्याने स्वतःच मागून घेतलं.

सव्वाआठच्या सुमाराला फोन आला. त्यानंतर काय झालं, ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

रात्री बसमध्ये परत बसल्यावर त्याने फोन पाहिला, तर आनंदचे दहा कॉल होते. अकरावा त्याने स्वतः लावला. आनंद म्हणाला, "आई गेली, दादा." त्याला तिकीट मिळून पुण्यात पोचायला तिसरा दिवस उजाडला. अग्नी आनंदने दिला होता. उत्तरेश्वर आला तो थेट अस्थी गोळा करायला गेला, अंगात अजून सलिलचंच जॅकेट होतं. तिथेच कोणीतरी विचारलं, फोन लागला नाही का? आणि तो तोंड उघडणार तोच आनंद म्हणाला, "किचनमध्ये होता तो."

त्या वेळी ते खरं करणं फार सोपं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

मावशी दुपारी जेवून आडव्या झाल्या. आनंद दुपारपाळीसाठी खराडीला निघून गेला. तीन वाजता सलिलचा फोन आला.

"उत्तरेश्वर, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण फेब्रुवारीची नॉर्वे टूर फुल झालीये आणि हेमाताईंनी गटात सगळ्यांना तुमचं नाव सांगितलंय. व्हिसाचे कागद उद्या द्यायचेत. आज संध्याकाळपर्यंत सांगाल का, येताय की नाही?"

"सांगतो," म्हणून त्याने फोन ठेवला. आत-बाहेर केलं. बाल्कनीतले वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या, मोडल्या. मग स्कूटरची किल्ली घेतली.

"कुठे निघालात?" कुसुमने विचारलं.

"आनंदकडे."

"आत्ताच तर गेला तो इथून."

"तरी जाऊन येतो."

बिबवेवाडीहून खराडीला जायला त्याला तासभर लागला. हडपसरच्या पुलाखाली तो चुकीच्या रांगेत घुसला, आणि मागचा टेंपोवाला कर्कश हॉर्न देत राहिला. काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता आणि ते जुळत नव्हतं.

आयटी पार्कच्या गेटवर संध्याकाळची वर्दळ सुरू झाली होती. गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं-मुली, कंपन्यांच्या गाड्या. आनंद निळ्या गणवेशात आडव्या दांड्याजवळ उभा होता. भावाला पाहून तो घाईने पुढे आला.

"काय झालं? मावशी बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझ्याशी बोलायचंय."

आनंदने दुसऱ्या गार्डला, चेतनला, गेट बघायला सांगितलं आणि भावाला भिंतीलगतच्या सिमेंटच्या बाकावर नेलं. बाक गेटला लागूनच होता. उत्तरेश्वर बसला नाही.

"मी किचनमध्ये नव्हतो," तो म्हणाला. "त्या रात्री. मी बाहेर होतो, ते उजेड बघायला गेलो होतो. तुझा पहिला फोन आला तो मी बघितला. तुझं नाव बघितलं. आन् कट केला. मग सायलेंटवर टाकला."

आनंदने गेटकडे पाहिलं. समोरून एक बस आत गेली.

"आई मला बोलवत होती आन् मी फोन कापला," उत्तरेश्वर म्हणाला. "महिनाभर तू लोकांना सांगतोयस की मी कामात होतो, आन् मी ऐकून घेतोय."

"मला माहीत होतं," आनंद म्हणाला.

"काय?"

"दादा, वाजून वाजून बंद पडलेला फोन वेगळा असतो आन् कापलेला वेगळा. दोनदा वाजला आन् तुटला. दहा वर्षं गेटवर लोकांना फोन लावतोय मी. मला कळत नाही का?" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी बघत होतो तू कधी बोलतोस. दर माणसाला तुझ्यासमोर सांगितलं. दहाव्याला सांगितलं, तेराव्याला सांगितलं, आज मावशीला सांगितलं. म्हटलं, आता तरी म्हणेल. तू आपला उठून आत चहा टाकायला जातोस."

उत्तरेश्वर आता बसला.

मग आनंद म्हणाला, "ती तुला बोलवत नव्हती."

"काय म्हणतोयस?"

"कोणालाच बोलवत नव्हती. साडेबाराला बाथरूममध्ये पडली, तेव्हाच शुद्ध गेली. तोंडातून शब्द नाही. अँब्युलन्समध्ये मी हात धरून बसलो होतो, तिनं माझ्याकडंबी बघितलं नाही. ते उत्तरेश्वरला लाव वगैरे मी सांगितलं. मनानंच."

"कशापायी?"

"तुला लागावं म्हणून." आनंदचा आवाज चढला नाही. "हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी एकटा होतो. डॉक्टर विचारतायत, नळी घालायची का, सही कोण करणार. मला काय कळतंय त्यातलं? मला ठरवायला कोणीतरी पाहिजे होतं. मी तुला दहा वेळा फोन केला. आईसाठी नाही केला दादा. माझ्यासाठी केला."

उत्तरेश्वरने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आई आपल्याला हाक मारत होती, या गोष्टीने त्याला महिनाभर झोपू दिलं नव्हतं. आता ती हाकही राहिली नाही. आई काही न बोलता गेली होती, त्याच्याशी नाही, कोणाशीच नाही.

"सही केलीस?"

"केली. तरी अर्ध्या तासात संपलं."

"बरोबर केलंस."

"तुला काय माहीत बरोबर का चूक?"

"मी असतो तरी केली असती."

आनंदने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. दिवे लागले. काचेच्या इमारतींचे मजले एकेक करून उजळत गेले. चेतनने लांबून हात करून विचारलं, येताय का. आनंदने त्याला थांबायची खूण केली.

"काय होतं असं तिथं?" त्याने विचारलं. "मला सांग. काय होतं म्हणून तू माझा फोन कापलास?"

उत्तरेश्वरने एकदा वर आभाळाकडे पाहिलं.

"आधी काहीच नव्हतं. करडा ढग असतो तसा एक पट्टा. पटवर्धन साहेब म्हणाले, यासाठी आलो होय आपण? मलाबी तसंच वाटलं. थंडी इतकी, की नाकातलं पाणी गोठत होतं. मग तो पट्टा हिरवा झाला. हिरवा म्हणजे कसा सांगू, कोवळ्या हरभऱ्याचा असतो तसा. आन् तो हलला. सगळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. खालची कड गुलाबी. डोक्यावरून निघाला तो डोंगरामागं. आन् आवाज नाही. एवढं मोठं काहीतरी हलतंय, आन् अजिबात आवाज नाही. मी वाट बघत होतो आवाजाची. माणसं आधी बोलत होती, ती गप झाली. हेमाताई घोटा सुजलेला विसरून बर्फात उभ्या."

"मग?"

"मग तुझा फोन आला. हातमोजा काढून मी नाव बघितलं. मला वाटलं, आईच्या गोळ्या नाहीतर गॅसचा सिलिंडर. आन् खरं सांगू का, तसंबी वाटलं नाही. वाटलं, मी खाली बघितलं तर हे जाईल. आयुष्यात मी एवढंच एक माझं म्हणून बघत होतो. सकाळी देवमासा बघितला, तोबी एकट्यानं. तो आईला सांगायचा राहिला होता. म्हटलं दोन्ही उद्या सांगू." तो थांबला. "मी कापला फोन. आन् नंतर अर्धा तास मी तुझी आठवण पण काढली नाही. तेवढा वेळ मी सुखात होतो. ते मला कुठं ठेवावं ते कळत नाही."

आनंद ऐकत होता. टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

"आई असती तर म्हणाली असती, बघून पोट भरलं का?" तो म्हणाला.

"म्हणाली असती."

"भरलं का?"

"नाही."

आनंद हसला नाही, पण त्याचा चेहरा सैल झाला. "देवमासा केवढा होता?"

उत्तरेश्वरने आजूबाजूला पाहिलं. मग गेटमधून आत जाणाऱ्या कंपनीच्या बसकडे बोट केलं. "याच्याहून लांब. दीडपट."

आनंदने बस नजरेआड होईपर्यंत पाहिली.

"फेब्रुवारीत परत बोलावतायत," उत्तरेश्वर म्हणाला. "आज सांगायचंय."

"मग जा."

"तुला काय वाटतं?"

"जा म्हटलं ना. मला काही झालं तर मी कुसुमवहिनीला फोन लावीन." आनंदने टोपी डोक्यावर चढवली आणि उठला. दोन पावलं गेला आणि मागे न वळता म्हणाला, "तुला कधी वाटलं तर तू मला लाव. मी उचलतो."

तो गेटवर गेला. गाड्यांची रांग आता रस्त्यापर्यंत लागली होती. उत्तरेश्वर बाकावर बसून राहिला. सलिलला फोन करायचा होता, पण तो त्याने लगेच केला नाही. थोड्या वेळाने चेतन त्याच्याजवळ आला.

"काका, गेटपाशी व्हिजिटरला बसू देत नाहीत. तिकडं पार्किंगला थांबाल का?"

उत्तरेश्वर उठायला लागला.

"बसू दे त्यांना," आनंद दांडा वर करता करता तिकडूनच म्हणाला. "माझा भाऊ आहे."

चेतन मागे फिरला. आनंदने गाडीच्या काचेतून ओळखपत्र पाहिलं, हात केला, आणि पुढची गाडी बोलावली.